बनाना ब्रेडमधलं पाणी जातं कुठे?

"केळी तर भरपूर घातली होती, मग ब्रेड कोरडा कसा झाला?" घरी नवा ओव्हन आला की हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्तच आहे. केळ्याच्या गरात वजनाच्या तीन चतुर्थांश पाणी असतं. त्यात अंडी घातली, दही घातलं, वरून तेल घातलं. आणि तरीही दुसऱ्या दिवशी ब्रेडचा घास चहाच्या घोटाशिवाय घशाखाली उतरत नाही.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'अर्धी वाटी दूध वाढव'. त्या सल्ल्याने बहुतेक वेळा नवीनच दुखणं उभं राहतं. ब्रेड वरून कोरडा राहतो आणि तळाशी गिच्च थर बसतो. मिश्रणात पाणी कमी नसतंच मुळी. ते पाणी कुणीतरी धरून ठेवावं लागतं आणि भट्टीत ते उडून जायच्या आत आपल्याला थांबावं लागतं. ओलसर बनाना ब्रेडचं सगळं तंत्र या दोन गोष्टींत आहे. त्या नीट समजल्या की कृती कुठलीही असो, ती कुठे बिघडेल हे वाचतानाच कळायला लागतं.

१. आधी पाण्याचा हिशेब

एक साधी कृती समोर ठेवू. मैदा २०० ग्रॅम, पिकलेल्या केळ्यांचा गर ३०० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, तेल ८० ग्रॅम, दोन अंडी (कवच काढून सुमारे १०० ग्रॅम), दही ५० ग्रॅम, खायचा सोडा अर्धा चहाचा चमचा, बेकिंग पावडर अर्धा चमचा, मीठ पाव चमचा. हे मिश्रण साडेआठ इंच लांब आणि साडेचार इंच रुंद अशा लोफ टिनमध्ये नीट मावतं.

आता यातलं पाणी मोजू. केळ्याचं २२५ ग्रॅम. अंड्यांत तीन चतुर्थांश पाणी असतं, म्हणजे ७५. दह्याचं ४० च्या थोडं वर. मैदा हाताला कोरडा लागतो, पण त्याच्यातही बारा-तेरा टक्के ओल असते. ते २५ ग्रॅम धरा. बेरीज ३७० ग्रॅमच्या आसपास. सगळं मिश्रण ८५५ ग्रॅमचं, म्हणजे शंभर ग्रॅममागे त्रेचाळीस ग्रॅम पाणीच आहे. मैद्याच्या जवळजवळ दुप्पट!

भाजताना मिश्रणाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा वाफ होऊन जातो. आपल्या कृतीत तो ८५ ग्रॅम होईल. वजनकाटा असेल तर भरलेला टिन ओव्हनमध्ये ठेवण्याआधी एकदा आणि बाहेर काढल्यावर एकदा तोलून पाहा. फरक ८०-८५ असेल तर भाजणं बेताचं झालं. तो १२० च्या पुढे गेला असेल, तर ब्रेड कोरडा लागणार हे चव न घेताही सांगता येतं. पाककृतींची पुस्तकं मिनिटं सांगतात, पण प्रत्येक ओव्हनचं मिनिट वेगळं असतं. काट्यावरचे ग्रॅम सगळ्या स्वयंपाकघरांत सारखेच असतात.

आता एक कोडं. बाजारात मिळणाऱ्या साध्या पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइसमध्येही वजनाच्या पस्तीस टक्क्यांहून जास्त पाणी असतं. भाजून निघालेल्या आपल्या बनाना ब्रेडमध्ये ते सदतीस टक्क्यांच्या आसपास उरतं. दोन्ही आकडे जवळजवळ आहेत. पण पांढऱ्या स्लाइसला कुणी ओलसर म्हणत नाही. जिभेला जो ओलसरपणा कळतो तो नुसत्या पाण्याचा नसतो, असा याचा अर्थ. त्यात साखर आणि स्निग्धांश यांचा मोठा वाटा असतो. त्यांच्याकडे वळण्याआधी केळ्यांचं एक प्रकरण मिटवायला हवं, कारण बहुतेक घरांत चूक तिथेच होते.

२. 'तीन केळी' म्हणजे किती?

कृतीत 'तीन केळी' लिहिलेलं असतं. कोणती केळी?

आपल्याकडे केळी डझनावर विकत घेतात, त्यामुळे एका केळ्याचं वजन किती याचा विचार सहसा मनात येत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातून येणारं केळं आता मुख्यतः ग्रँड नैन जातीचं असतं. त्याचं सालासकट वजन दीडशे ग्रॅमच्या पुढे जातं आणि साल काढल्यावर शंभराच्या आसपास गर निघतो. तीन केळी म्हणजे ३०० ग्रॅम, हे गणित या केळ्याला बरोबर लागू पडतं. परदेशी पुस्तकांतली कृतीही याच कॅव्हेंडिश कुळातल्या केळ्यावर बेतलेली असते.

पण घरात वेलची केळी असतील तर? वेलचीचा गर जेमतेम चाळीस ग्रॅम भरतो. तीन केळी कुस्करली की १२० ग्रॅम. म्हणजे १८० ग्रॅम गर कमी पडला आणि त्याच्याबरोबर १३५ ग्रॅम पाणी आणि बरीचशी साखरही गेली. अशा मिश्रणाचा ब्रेड कोरडा होणारच. त्यात करणाऱ्या हाताचा काही दोष नाही. वेलची वापरायला काहीच हरकत नाही. तिला वास सुंदर आणि गोडवा भरपूर असतो. मात्र सात-आठ घ्या आणि गर तोलूनच घ्या.

वसई भागातली राजेळी हे तिसरं टोक. केळं मोठं, गर घट्ट आणि पिठूळ. ते वाळवून सुकेळी करतात ती याच गुणामुळे. ब्रेडसाठी मात्र ती अगदी मऊ होईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर घासात गोळे लागतात.

उलट बाजूने होणारी चूकही सांगायला हवी. 'केळी उरलीत, टाकू सगळीच' म्हणून ३०० च्या जागी ४५० ग्रॅम गर घातला की मैद्याच्या ताकदीबाहेरचं पाणी आत जातं. वरचा भाग फुगतो, पण तळाशी खरवसासारखा दिसणारा चिकट थर बसतो. तो कितीही वेळ भाजला तरी सुटत नाही. जास्तीची केळी फ्रीझरमध्ये ठेवावीत.

३. काळं साल आणि पिकलेलं केळं

साल काळं पडलेली केळी घ्या, असं सगळेच सांगतात. का, हे क्वचितच सांगितलं जातं.

हिरव्या केळ्याच्या शंभर ग्रॅम गरात वीस ग्रॅमच्या आसपास स्टार्च असतो, म्हणजे तांदळात किंवा बटाट्यात असतो तोच पिठूळ पदार्थ. केळं पिकू लागलं की त्यातली विकरं, म्हणजे रासायनिक कामं घडवून आणणारी प्रथिनं, हा स्टार्च तोडून त्याची साखर करतात. पूर्ण पिकलेल्या केळ्यात स्टार्च एक-दोन ग्रॅम उरतो आणि साखर पंधरा ग्रॅमच्या घरात जाते. त्याच वेळी पेशींच्या भिंतींमधलं पेक्टिन सैल होतं, म्हणून गर मऊ पडतो. पेक्टिन म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पदार्थ. पेरूची जेली गोठते ती त्याच्यामुळेच.

याचा ब्रेडशी संबंध सरळ आहे. अर्धकच्च्या केळ्यातला स्टार्च भाजताना स्वतःच पाणी पिऊन घेतो, आणि पाणी धरून ठेवणारी साखर त्याच्यात नसते. पूर्ण पिकलेल्या केळ्याचा ३०० ग्रॅम गर घातला, तर वाटीतल्या साखरेशिवाय आणखी ४५ ग्रॅम साखर मिश्रणात येते. तीच कृती, तेवढंच वजन, पण केळी दोन दिवस आधीची आणि दोन दिवस नंतरची. ब्रेड वेगवेगळे होतात ते यामुळे.

आता सालाबद्दल सावध राहायला हवं. काळं साल ही पिकल्याची खात्री नाही. केळं थंडी सोसत नाही. तेरा अंश सेल्सियसच्या खाली त्याच्या सालाला इजा होते आणि ते काळवंडतं. फ्रिजमध्ये ठेवलेलं कच्चंपक्कं केळं दोन दिवसांत काळंकुट्ट दिसतं आणि आतून तसंच पिठूळ असतं, कारण थंडीने पिकणंही मंदावलेलं असतं. कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेल्या फळाची गत वेगळी: साल पिवळंधमक, आत गर करकरीत आणि गोडी बेताची. कार्बाइड वापरण्याला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, ती आरोग्याच्या कारणाने. ब्रेडही त्याने बिघडतो.

म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर आणि नाकावर भरवसा ठेवा. केळं सालासकट दाबल्यावर कुठेही कडक लागू नये, देठाकडेसुद्धा. सोललं की गोड वास लगेच यावा. काट्याने दोनदा दाबल्यावर गराची पातळ पेज व्हावी. एवढं जमलं की सालावर ठिपके किती आहेत हे मोजायची गरज नाही.

पिकायची घाई असेल तर केळी कागदी पिशवीत, एखाद्या पिकलेल्या सफरचंदाबरोबर, तोंड बंद करून ठेवा. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि तोच वायू शेजारच्या फळाला पिकायला लावतो. आंब्याची आढी घालतात त्यात हीच युक्ती आहे. केळी सालासकट ओव्हनमध्ये भाजून काळी करण्याचा एक उपाय सांगतात. त्याने गर मऊ होतो, गोडीही थोडी वाढते. पण दिवसागणिक पिकताना जो वास तयार होतो तो अर्ध्या तासात येत नाही.

फ्रीझरमध्ये ठेवलेली पिकलेली केळी उत्तम. बर्फाने पेशी फुटतात, त्यामुळे विरघळल्यावर वाडग्यात पाणी सुटतं. ते अजिबात ओतून देऊ नका. साखर आणि वास त्याच पाण्यात उतरलेले असतात. गरासकट तोला आणि गरासकटच घाला.

४. पाणी कोण धरून ठेवतं?

पावसाळ्यात उघडी राहिलेली गुळाची ढेप पाझरायला लागते. हवेतली ओल ओढून घेण्याचा हा साखरेचा स्वभाव आहे, आणि ब्रेडमध्ये तो आपल्या कामी येतो. विरघळलेली साखर पाण्याचे रेणू आपल्याभोवती गुंतवून ठेवते, मग ते सहजासहजी वाफ होऊन निसटत नाहीत. सगळ्या साखरा यात सारख्या नसतात. फळांतलं फ्रुक्टोज याबाबतीत नेहमीच्या पांढऱ्या साखरेपेक्षा वरचढ आहे, आणि पिकलेल्या केळ्यात ते असतंच.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. गोड कमी खावं म्हणून अनेक जण कृतीतली साखर सरळ निम्मी करतात. हेतू चांगला असतो, पण साखर काढली की गोडीबरोबर पाणी धरणारा हातही कापला जातो. १२० ची १०० करा, काही बिघडत नाही. त्याखाली जायचं असेल तर केळी अतिपिकलेली घ्या आणि उरलेल्या साखरेतले दोन चमचे काकवीने बदला. काकवीत आणि गुळात मोकळं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, त्यामुळे थोड्या प्रमाणातही ती ओल सांभाळतात. ब्रेडला रंग आणि खमंगपणा येतो तो वेगळाच.

दुसरा आधार स्निग्धांशाचा. तेल पाणी धरत नाही, पण मैद्याच्या कणांभोवती पातळ थर देऊन त्यांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही, म्हणून घास मऊ लागतो. खोलीच्या तापमानाला तेल पातळच राहतं आणि जिभेवर तेही ओलाव्यासारखंच भासतं. लोण्याचं तसं नाही. बाजारच्या बटरमध्ये ऐंशी टक्के स्निग्धांश आणि सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि गारठ्यात ते घट्ट होतं. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी बटरचा ब्रेड कालच्यापेक्षा कोरडा वाटतो, तो पाणी उडाल्यामुळे नव्हे. स्लाइस किंचित गरम केली की तो पुन्हा मऊ लागतो. चव बटरची हवी आणि मऊपणा तेलाचा हवा, तर निम्मं निम्मं घ्या. साजूक तुपात पाणी नसतं, म्हणून १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप पुरतं. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास केळ्याला झाकतो. इथे सूर्यफुलाचं तेल बरं.

अंड्याच्या पिवळ्या बलकात लेसिथिन असतं. ते तेल आणि पाणी यांना एकत्र नांदवतं, मिश्रण फुटू देत नाही. पांढरा भाग भाजल्यावर घट्ट होऊन ब्रेडला आकार देतो, पण जास्त झाला तर कोरडेपणाही आणतो. अंडं न खाणाऱ्या घरांत कंडेन्स्ड मिल्कची कृती इतकी रुजली, त्यालाही हेच कारण आहे. आटवलेल्या दुधातली प्रथिनं आकार देतात आणि त्यातली भरपूर साखर ओल धरते. ते घातलं की वेगळी साखर जवळजवळ लागत नाही. नुसतं दही वापरायचं तर दोन अंड्यांच्या जागी १०० ग्रॅम घट्ट दही घ्या. ब्रेड थोडा भरीव होईल, पण कोरडा होणार नाही.

५. ढवळायचं किती?

पोळीची कणीक आपण मळतो, कारण आपल्याला ताण हवा असतो. गव्हातली दोन प्रथिनं पाण्याच्या संगतीत एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेन नावाचं लवचीक जाळं तयार होतं. जितकं मळाल तितकं ते मजबूत होतं. पोळीला ते हवंच, नाहीतर ती लाटताना फाटेल. बनाना ब्रेडमध्ये हेच जाळं घास चिवट करतं आणि आत लांबट बोगदे पाडतं.

म्हणून ढवळणं जेवढं करायचं तेवढं मैदा घालण्याआधी करा. अंडी, साखर, तेल चांगलं फेटा, गर आणि दही मिसळा. मैदा, सोडा, पावडर, मीठ एकत्र चाळून घ्या आणि शेवटी घाला. उलथन्याने तळातून वर घ्या. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. मिश्रणात केळ्याच्या बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू देत.

घरची कणीक वापरायची असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिच्यातला कोंडा पाणी शोषतो. शिवाय जात्यात किंवा चक्कीत घासून दळताना स्टार्चचे दाणे फुटतात, आणि फुटलेला दाणा अख्ख्यापेक्षा जास्त पाणी पितो. त्यामुळे कणकेच्या ब्रेडला मात्र खरोखरच दोन-तीन टेबलचमचे दूध जास्त लागतं. दूध, दही, केळं आणि कणीक एवढं आधी कालवून पंधरा मिनिटं ठेवा आणि सोडा अगदी शेवटी घाला; नाहीतर वाट पाहताना त्याचा सगळा वायू निघून जाईल.

६. सोडा, आणि थोडा इतिहास

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. आंबट पदार्थ भेटला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिश्रण फुगतं. केळं किंचित आंबट असतं, दही त्याहून आंबट, त्यामुळे दोघं मिळून अर्धा चमचा सोडा संपवतात. त्याहून जास्त घातलेला सोडा तसाच उरतो आणि साबणासारखी चव देतो. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं, म्हणून तिला बाहेरच्या आंबटाची गरज लागत नाही.

या पावडरीवाचून हा ब्रेड जन्मलाच नसता. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही चालत नव्हतं. पुढे अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड या रसायनशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये तिच्यासाठी कॅल्शियम फॉस्फेटवर आधारलेल्या आम्लाचं पेटंट घेतलं. तोवर मध्य अमेरिकेतली केळी जहाजांतून अमेरिकी शहरांत पोहोचू लागण्याचे दिवसही फार लांब नव्हते. १९२९ नंतरच्या मंदीत घरोघरी काटकसर सुरू झाली, तेव्हा मऊ पडलेलं केळंही टाकणं परवडेना. १९३३ मध्ये पिल्सबरी या पीठ विकणाऱ्या कंपनीच्या पाककृतींच्या पुस्तकात बनाना ब्रेड आला. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या घरांत तो पुन्हा भाजला गेला, आणि आपल्याकडच्या अनेकांची त्याच्याशी पहिली ओळख तेव्हाच झाली.

पिकून गळायला आलेल्या केळ्याचं सोनं करायची रीत आपल्या बाजूलाही आहे. मंगळूर-कारवारकडचे बन्स घ्या. मऊ केळं आणि दही यांच्यातच मैदा भिजवतात, पाण्याचा थेंब घालत नाहीत. केळ्यात पाणी किती असतं याचा याहून सोपा पुरावा नाही.

७. भट्टीच्या आत

टिन गरम ओव्हनमध्ये गेला की उष्णता कडेकडून आत सरकत जाते. पाणी आहे तोवर आतल्या भागाचं तापमान शंभर अंशांपुढे जात नाही. वरचा पापुद्रा मात्र कोरडा होतो, शंभर ओलांडतो आणि तपकिरी होतो.

आत काय चालतं ते घराच्या स्लॅबवरून समजेल. काँक्रीट ओतलं की ते घट्ट होईपर्यंत खालचं सेंट्रिंग त्याला तोलून धरतं. ब्रेडमध्ये सेंट्रिंगचं काम सोड्याचा वायू आणि वाफ करतात. त्यांनी फुगवलेलं मिश्रण तोललेलं असतानाच मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगायला लागतो, अंड्यातली प्रथिनं गोठतात आणि भिंती तयार होतात. भिंती पक्क्या व्हायच्या आत तुम्ही दार उघडलंत किंवा टिन बाहेर काढलात, तर वायू आकसतो आणि मधला भाग खाली बसतो. साखर जास्त असलेल्या मिश्रणात स्टार्च उशिरा फुगतो, म्हणून बनाना ब्रेडला साध्या ब्रेडपेक्षा धीर जास्त लागतो. पहिली चाळीस मिनिटं दार उघडूच नका.

ओव्हन १७० अंश सेल्सियसला किमान पंधरा मिनिटं आधी तापवा. घरगुती ओटीजीचा काटा बऱ्याचदा वीस-वीस अंशांनी चुकतो; आत ठेवायचा छोटा तापमापक मिळतो, तो जरूर घ्या. तापमान जास्त झालं की बाहेरचा भाग लवकर पक्का होतो, मध्य कच्चा राहतो, आणि मध्य भाजून निघेपर्यंत कडांचा भुगा होतो. काळ्या टिनमध्ये हे अधिक लवकर घडतं. वरून रंग आला आणि आत कच्चं वाटलं, तर टिनवर फॉइल सैलसर पसरा.

आता थांबायचं कधी? 'सुरी स्वच्छ बाहेर आली पाहिजे' हे वाक्य आपल्याकडे केकसाठी इतकं पाठ झालंय की कित्येक ब्रेड त्यानेच कोरडे केलेत. टूथपिक अगदी कोरडी आणि स्वच्छ निघाली, तर पाच-सात मिनिटं उशीर झालेला असतो. ओलं मिश्रण लागलं तर ब्रेड कच्चा. दोन-चार मऊ, ओलसर कण चिकटले तर वेळ झाली. टोक नेमकं केळ्याच्या गुठळीत घुसलं असेल, म्हणून दोन जागी टोचून पाहा. टोकदार तापमापक असेल तर मध्यभागी ९४ ते ९६ अंश दिसले की काढा. या आकाराच्या टिनला पन्नास ते साठ मिनिटं लागतात. पंचेचाळिसाव्या मिनिटापासून लक्ष ठेवा.

८. ओव्हन नसेल तर

कोकणात आणि गोव्यात तवसाचं धोंडस किंवा तवसळी करतात: रवा, गूळ आणि किसलेलं तवसं, म्हणजे मोठी जून काकडी. पूर्वी पातेलं मंद चुलीवर ठेवायचे आणि झाकणावर निखारे पसरायचे. खालून-वरून सारखी आच हे ओव्हनचंच तत्त्व आहे, आणि फळाच्या पाण्यात पीठ शिजवून गुळाने ते पाणी धरून ठेवणं हे बनाना ब्रेडचं.

गॅसवर करायचं तर जाड बुडाचं जुनं पातेलं घ्या, तळाशी मिठाचा बोटभर थर पसरा, त्यावर कडं किंवा स्टँड ठेवा आणि झाकून दहा मिनिटं तापवा. मग टिन ठेवून आच मंद करा. मीठ उष्णता सगळीकडे पसरवतं आणि तळ जळू देत नाही. पातेल्यात वाफ कोंडते, त्यामुळे असा ब्रेड सहसा कोरडा होत नाही. वरचा रंग मात्र फिका राहतो. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब ब्रेडवर पडून वरचा भाग चिकट होईल.

९. दुसरा दिवस

टिनमध्ये दहा मिनिटं, मग बाहेर काढून जाळीवर. टिनमध्येच ठेवला तर वाफ तळाशी गार होऊन ओल धरते. पूर्ण निवल्याशिवाय कापू नका. गरम ब्रेड कापला की उरलीसुरली वाफ निघून जाते आणि कापलेली बाजू चिकट दिसते.

निवला की लगेच गुंडाळून डब्यात ठेवा. रात्रभरात मधली ओल कडेला सरकते, पापुद्रा मऊ पडतो आणि सगळा ब्रेड सारखा ओलसर होतो. म्हणून बनाना ब्रेड दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. पाहुण्यांसाठी करायचा तर आदल्या संध्याकाळीच करा.

पुढे मात्र उलटी क्रिया सुरू होते. भाजताना पाणी पिऊन फुगलेला स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट रचना धरतो आणि पाणी सोडतो. रात्रीचा भात फ्रिजमध्ये टणक होतो तो याच कारणाने. विशेष म्हणजे हे घट्ट होणं फ्रिजच्या थंडीत सर्वांत जलद घडतं आणि फ्रीझरमध्ये जवळजवळ थांबतं. ब्रेड टिकावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवणारी माणसं नकळत त्याला शिळा करत असतात. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेरच ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बुरशी लवकर धरते, तिथे पहिल्याच दिवशी स्लाइस करून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये टाका. हवी तेवढी स्लाइस काढा आणि झाकण ठेवून मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी गरम करा. साठ अंशांच्या पुढे गेला की घट्ट झालेला स्टार्च पुन्हा सैल होतो आणि स्लाइस मऊ पडते. पण ती गरम असतानाच खायला हवी, कारण निवल्यावर ती पूर्वीपेक्षा लवकर कडक होते.